हवा आत, डिझेल बाहेर

एक थेंब म्हणजे साधारण मिलिलिटरचा विसावा भाग. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर मिनिटाला तीन मिलिलिटर, तासाला १८०, आणि ट्रॅक्टर झाडाखाली नुसता उभा असला तरी चोवीस तासांत सव्वाचार लिटरच्या वर. डिझेलचा भाव नव्वद रुपये धरला, तर दिवसाला पावणेचारशेच्या पुढे मातीत. धाराशिव जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरमालकाला हा हिशेब कुणी मांडून दाखवावा लागत नाही. तो लिंबाखाली उभ्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली पत्र्याचा डबा सरकवतो, सकाळी ते डिझेल फडक्यातून गाळून टाकीत ओततो आणि दुरुस्ती पुढच्या बाजाराच्या दिवसावर ढकलतो.

यात आळस असतो, पण सगळाच आळस नसतो. डोळ्यांना दिसणारी गळती नुकसान करते ते मोजता येतं आणि डब्यात धरूनही ठेवता येतं. जुन्या ट्रॅक्टरला खरा फटका देते ती न गळणारी गळती. एकही थेंब खाली पडत नाही, जमीन कोरडी, इंजिन कोरडं, आणि तरीही ट्रॅक्टर भर तासात दोन झटके देऊन बंद पडतो. मिस्त्री लांबून आवाज ऐकूनच सांगतो, ‘एअर धरलाय.’

ते कधी होतं, यावर सगळं अवलंबून आहे. हा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा, पर्जन्यछायेतला. मृगाचा पाऊस पडला, की काळ्या रानात लगेच ट्रॅक्टर घालता येत नाही. चाकं रुततात, ढेकळं निघतात. जमिनीला वाफसा यावा लागतो. वाफसा आला, की पेरणीला हातात दोन-चार दिवस, कधी त्याहून कमी. वरून दुसरा पाऊस आला तर थांबणं, नाही आला तर ओल उडणं. कळंब, वाशी, भूम, परंडा कुठेही जा, या दिवसांत सोयाबीनच्या पेरणीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरचे नंबर लागलेले असतात. एकाच्या रानात तो बंद पडला, की मागचे पाच जण खोळंबतात. वर्षभर डबा लावून चालवलेल्या गळतीत जेवढं डिझेल गेलं नसेल, तेवढ्याचं नुकसान एका न दिसणाऱ्या चिरेने एका दुपारी होऊ शकतं.

जिल्ह्यात आजही राबणारे जुने ट्रॅक्टर वेगवेगळ्या घरचे आहेत. फरिदाबादच्या आयशरने १९५९ साली देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर काढला. चेन्नईची टॅफे १९६० ची; तिने मॅसी फर्ग्युसन गावोगावी नेला. महिंद्रा आणि अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ ला मुंबईत उभी राहिली. बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर, आणि पुढे आलेल्या महिंद्रा २७५ च्या नावातला आकडा त्याच वंशाचा. एचएमटीचा ट्रॅक्टर १९७१ ला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीने पिंजोरला सुरू झाला. १९७४ चा स्वराज मात्र देशी आराखड्याचा, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत जन्मलेला. बॉनेट वेगळं, गिअरचे खटके वेगळे, आवाज तर इतका वेगळा, की जाणत्याला घरात बसून कळतं कुणाचा ट्रॅक्टर रस्त्याने चाललाय.

पण टाकीपासून नोझलपर्यंतची डिझेलची वाट बहुतेकांची एकाच धाटणीची. त्याचं कारण बंगळूरला सापडतं. तिथे १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सगळ्यांची ‘मायको’, सुरू झाली. जर्मनीतल्या रॉबर्ट बॉशने डिझेल पंपाचं कारखान्यातलं उत्पादन १९२७ ला सुरू केलं होतं; ती विद्या मायकोमार्फत इथे आली. नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागले. २००८ ला कंपनीचं नाव बॉश झालं, तरी नाशिकचं मायको सर्कल तसंच राहिलं, आणि आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात अजूनही लोक ‘मायकोचा फिल्टर’च मागतात. दुसरी जात रोटरी पंपाची, ब्रिटिश सीएव्ही घराण्यातली. या दोन जाती कळल्या, की उमरग्याचा मिस्त्री परंड्यातलाही ट्रॅक्टर दुरुस्त करू शकतो. जुने ट्रॅक्टर इतकी वर्षं टिकले यात कंपन्यांच्या मजबुतीइतकंच श्रेय या सारखेपणाला द्यायला हवं, असं मला वाटतं.

वाट अशी. टाकी, टाकीखालचा कॉक, काही ट्रॅक्टरांना गाळ-पाणी साठवणारी काचेची वाटी, तिथून नळी फीड पंपाला. फीड पंप डिझेल ओढतो आणि जेमतेम एक-दीड किलोच्या दाबाने फिल्टरमधून ढकलतो. मग मोठा डिझेल पंप. तो तेच डिझेल पोलादी नळीतून असं हाणतो, की पावणेदोनशे-दोनशे किलोच्या दाबाला नोझलची सुई उचलली जाते आणि धुकं होऊन डिझेल सिलिंडरमध्ये पडतं. नोझलमधून मागे झिरपलेलं थोडं डिझेल ओव्हरफ्लोच्या बारीक नळीने परत जातं. म्हणजे एकाच वाटेवर तीन मुलूख आहेत: फीड पंपाच्या आधी ओढ, नंतर हलका दाब, आणि मोठ्या पंपानंतर प्रचंड दाब. गळती कुठल्या मुलखात आहे, हे ओळखलं की निम्मं काम संपलं. ते न ओळखता दिसेल तो नट आवळणारे पुष्कळ असतात, आणि गॅरेजचा धंदा बराचसा त्यांच्यावर चालतो.

पहिली अडचण म्हणजे डिझेल जिथून गळतं तिथे ते थांबत नाही. फिल्टरच्या डोक्यावरच्या बोल्टातून निघालेला ओघळ नळीवरून उतरतो, पंपाच्या अंगावरून फिरतो, आणि थेंब पडतो तो हातभर लांबच्या एखाद्या निष्पाप नटावरून. त्यात काळ्या रानाची आणि ऊसवाहतुकीच्या रस्त्यांची धूळ. डिझेल-धुळीचा बोटभर जाड लेप बसलेल्या इंजिनात गळती शोधणं हे कोडंच. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी ब्रश उचलतो. सगळं धुऊन, पुसून, फुंकून कोरडं करतो. मग संशयाच्या जागी खडूची भुकटी नाहीतर चाळलेली राख भुरभुरतो आणि इंजिन सुरू करतो. कोरड्या पांढऱ्या भुकटीवर ओल आधी जिथे उमटते ती खरी जागा. ओल्या भागात सगळ्यात वरचा ओला बिंदू शोधायचा. खालचे सगळे त्याचे बळी. पंधरा मिनिटांचं हे धुणं टाळून दोन दिवस नट आवळत बसलेली माणसं या धंद्यात कमी नाहीत.

हलक्या दाबाच्या मुलखात बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तांब्याचा वायसर. फिल्टरला आणि पंपाला नळी जोडणारा पोकळ बोल्ट, ज्याला सगळे बँजो बोल्ट म्हणतात, त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याची एकेक चकती असते. नवी असते तेव्हा ती मऊ असते. बोल्ट आवळला की दबून बारीकसारीक खाचा भरून काढते. पण तांबं दबलं, हादरलं, की कडक होत जातं. फिल्टर बदलताना तोच वायसर परत बसवला, की कडक तांबं खाचेत शिरत नाही आणि पाझर सुरू होतो. मग मालक आणखी जोर लावतो. पोकळ बोल्टाला तो जोर सोसत नाही, आटे जातात किंवा बोल्ट तुटतो, आणि दहा-वीस रुपयांचं काम फिल्टरच्या अख्ख्या डोक्यावर जातं.

नवा वायसर नसेल, तर जुना मऊ करता येतो. चिमट्यात धरून चुलीच्या निखाऱ्यावर किंवा गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. लोहाराकडे फाळाला पाणी दिलेलं पाहिलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण पोलाद तसं केल्याने कठीण होतं. तांब्याचं तसं नाही. ते मऊ होतं तापल्यामुळे. पाणी त्याला फक्त लवकर थंड करतं आणि वरची काळी खपली झाडतं. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून चकती दोन्ही बाजूंनी घासायची, चर गेले की बसवायची. दुरुस्ती चांगली आहे, पण चकती झिजून पातळ झाली असेल तर तिचा लोभ नको. त्याहून वाईट म्हणजे नळाची पांढरी टेप किंवा सिलिकॉनची ट्यूब लावणं. टेपचे धागे आणि सिलिकॉनचे तुकडे डिझेलबरोबर आत जातात. पंपाच्या प्लंजरमधली फट दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट. तिथे कचरा पोचला, तर वायसरची बचत किती महागात पडते ते पंप-नोझलवाला सांगतो, आणि त्यासाठी कुणाला बार्शी, कुणाला लातूर, कुणाला सोलापूर गाठावं लागतं.

मोठ्या दाबाच्या मुलखात आधी स्वतःचा हात जपायचा. सुरू इंजिनाच्या प्रेशर पाइपला केसाएवढी चीर असली, तर तिथून निघणारी धार बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही. ओल कुठे आहे हे पाहायला कुणी बोट फिरवलं, तर ती कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही, आणि तासाभरात बोट टम्म फुगू लागतं. अशी बोटं कापावी लागल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. हळद लावून घरी बसायचं हे प्रकरण नाही. लगेच मोठं रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, की दाबाचं डिझेल आत गेलंय. चीर शोधायची ती पुठ्ठा लांबून धरून. पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते.

या पाइपांना चिरा पडतात त्या हादऱ्यांनी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊस निघू लागतो. ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर, मुरूमचा विठ्ठलसाई, अशा कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात. पाइप एकमेकांना आणि इंजिनाला बांधून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. दुरुस्तीत त्या कधीतरी काढल्या जातात आणि परत कुणी लावत नाही. मोकळा पाइप थरथरत राहतो आणि नटाच्या मुळाशी चिरतो. पट्टी म्हणजे शोभेची वस्तू, असं मानणाऱ्याचा पाइप हंगामाच्या ऐन मध्यावर जातो.

चिरलेल्या पाइपला पितळेचा डाग देऊन चालवणारे भेटतात. दोनशे किलोच्या दाबापुढे तो टिकत नाही, आणि आत शिरलेला मणी वाट अरुंद करतो. पाइप बदलावा, आणि त्याच लांबीचा. अनेक इंजिनांवर एखादा पाइप उगीच वळसा घेऊन गेलेला दिसतो. तो वळसा सगळ्या सिलिंडरांच्या पाइपांची लांबी सारखी राहावी म्हणून घातलेला असतो, म्हणजे प्रत्येक नोझलला दाबाची लाट पोचायला सारखाच वेळ लागतो. आणि पंपाच्या बाजूचा नट सोडताना दोन पाने लागतात: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने त्याखालचा होल्डर धरून ठेवायचा. होल्डर सोबत फिरला, तर आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह सैल होतो आणि आधी नसलेली गळती सुरू होते.

आता ती न दिसणारी गळती. टाकी ते फीड पंप या ओढीच्या वाटेत कुठे फट असेल, तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीने उसाचा रस ओढावा तसं. डिझेल जवळपास दबत नाही, हवा दबते. मोठा पंप हाणतो तो सगळा जोर बुडबुडा चेपण्यात जातो, नोझलची सुई उचलतच नाही. किती हवा पुरते? तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत तासाला पाच लिटर डिझेल पीत असेल, तर हिशेबाने एका वेळी एका सिलिंडरला मिळतं ते जेमतेम अर्ध्या थेंबाएवढं. इतक्या लहान घासात मोहरीएवढा बुडबुडा शिरला तरी तो घास वाया जातो.

हिची लक्षणं फसवी असतात. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांची टाकी इंजिनाच्या वर, बॉनेटखाली असते. टाकी भरलेली असेपर्यंत डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, फीड पंपाला फार ओढावं लागत नाही, आणि फट असूनही हवा शिरत नाही. फार तर ट्रॅक्टर उभा असताना तिथे ओल धरते. टाकी निम्म्यावर आली, किंवा टाकीतल्या जाळीत कचरा बसला, की ओढ वाढते आणि तीच फट हवा पिऊ लागते. मालक सांगतो, ‘मिस्त्री, सकाळी झकास चालतो, दुपारनंतरच नाटक करतो.’ कुणाला उन्हाचा संशय येतो, कुणाला डिझेलमध्ये रॉकेल असल्याचा. तुळजापूरच्या घाटात ट्रॉली ओढताना दम सोडणारा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर साव असतो, तोही बऱ्याचदा याच रोगाचा. चढावर डिझेलची मागणी वाढते आणि ओढही.

सगळ्यात स्वस्त कारण सगळ्यात शेवटी तपासलं जातं: टाकीचं झाकण. त्याला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं, की डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी होते. ट्रॅक्टर बंद पडला, झाकण फिरवल्यावर फुस्स आवाज आला आणि मग इंजिन सुरू झालं, तर पंप उघडायची गरज नाही. एक सुई पुरे. झाकण हरवलं म्हणून टाकीवर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधणारे हाच रोग विकत घेतात.

फट शोधायची युक्तीही साधी. ओढीच्या जागी थोडा दाब निर्माण करायचा. टाकी गच्च भरून, कॉक उघडा ठेवून ट्रॅक्टर रात्रभर उभा करायचा आणि सकाळी भुकटी लावलेले जोड पाहायचे. किंवा फीड पंपाची जुनी नळी काढून तात्पुरती पारदर्शक नळी जोडायची. बुडबुडे त्यातून धावताना दिसले, की फट त्याच्या आधी. दिसले नाहीत तर नंतर. वाद मिटतो.

हवा काढायचं काम मात्र गावातल्या पोरालाही येतं. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. धार येत असतानाच स्क्रू आवळायचा. दाबणं थांबवून आवळला, तर हवा परत आत. मग तेच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर. तरीही सुरू झाला नाही, तर नोझलकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, चेहरा आणि हात लांब ठेवून, आणि डिझेल उसळलं की एकेक आवळायचा. पेरणीत हे करून ट्रॅक्टर चालू होतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. इथेच घात होतो, कारण हवा काढली, फट राहिली. दोन तासांनी तोच स्क्रू, तोच पाना. सतत सोडून-आवळून त्या स्क्रूचे आटे जातात आणि मग फटी दोन होतात.

ओढीच्या वाटेवर बहुतेक वेळा दोषी असते ती रबरी नळी आणि तिचा क्लॅम्प. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, टोकाला चिरतं. तारेने पिळून बांधलेली नळी तारेच्या गाठीपाशी हवा घेते. यात डिझेलचाही एक भाग आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून ५० पीपीएम आणि १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम गंधकाचं डिझेल आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही सुगंधी हायड्रोकार्बनही कमी होतात, ज्यांच्यामुळे जुन्या नायट्राइल रबराची सीलं फुगून घट्ट बसलेली असत. अमेरिकेत १९९३ ला कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा जुन्या पंपांची सीलं आकसून गळू लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. वीस-तीस वर्षं न उघडलेल्या पंपात आजही तेच रबर असतं. म्हणून पंप उघडलाच, तर गळणारं एकच सील बदलून पैसे वाचवू नयेत. पूर्ण किट घालावं, आणि मिळालं तर चांगल्या प्रतीच्या, डिझेलला न आकसणाऱ्या रबराचं.

टाकीच गळत असेल, तर रानात साबणाची वडी चोळतात. कपड्याचा साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे छिद्र काही काळ बुजतं आणि घरापर्यंत येता येतं. एम-सील त्याहून टिकतं, पण पत्रा घासून कोरडा केला तरच. खरी दुरुस्ती वेल्डिंगची, आणि ती जिवावरची. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून रिकामी टाकी थेट वेल्डरपुढे ठेवणारे आहेत. आपल्याकडच्या डिझेलच्या भडका बिंदूचं किमान प्रमाण ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधली टाकी त्याहून जास्त तापते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, कारण स्फोट वाफेचा होतो. टाकी काढावी, गरम पाणी आणि सोड्याने पुन्हा पुन्हा धुवावी, आणि डागाची जागा वर ठेवून बाकी पाण्याने काठोकाठ भरून मगच ठिणगी लावावी. अनोळखी घाईच्या वेल्डरपेक्षा जुन्या रेडिएटर-टाकीवाल्याकडे दोन दिवस थांबणं परवडतं.

एक गळती अजून आहे आणि तिच्यात ना थेंब पडतो, ना ट्रॅक्टर बंद पडतो. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील गेलं, की डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं. मालक सकाळी तेल मोजायची पट्टी काढून पाहतो, तेल खुणेच्या वर. तो खूश होतो, की ट्रॅक्टर तेल खात नाही. खरं तर ते पातळ झालेलं असतं, आणि पातळ तेलावर बेअरिंग आणि क्रँक झिजत असतात. पट्टीवरचा थेंब बोटांत चोळून वास घेतला तर डिझेल कळतं. कागदावर टिपला तर मधल्या काळ्या डागाभोवती फिकट तेलकट वर्तुळ पसरतं. अशा वेळी ट्रॅक्टर तिथेच थांबवायचा. रोटरी पंप उतरवताना पंप आणि बॉडीवर खूण ओरखडून घ्यायची, म्हणजे टायमिंग जागेवर बसतं. सीलं बदलून पंप बेंचवर तपासून घ्यायचा, आणि इंजिनाचं सगळं तेल फिल्टरसकट बदलायचं. नुसतं तेल बदललं आणि सील तसंच ठेवलं, तर आठ-पंधरा दिवसांच्या नांगरटीत पट्टी पुन्हा वर चढलेली असते.